मुळशीच्या पाण्याची घसरगुंडी

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. रोलर कोस्टरच्या डब्यांना इंजिन कुठं असतं? पुढं, मागं, की खाली?

माझ्या चौथीच्या वर्गात मी हे विचारलं, तेव्हा निम्मा वर्ग म्हणाला "पुढं", उरलेला म्हणाला "मागं". एकच मुलगी गप्प होती. तिला उभं केलं तर म्हणते कशी, "बाई, असतं तर दिसलं असतं की!"

शाबास! तिचंच खरं. रोलर कोस्टरच्या डब्यांना सहसा इंजिन नसतंच. एक लांबलचक साखळी डबे उंच टोकावर ओढून नेते आणि तिथं सोडून देते. पुढचं सगळं काम उंचीचं. तुम्ही शाळेतल्या घसरगुंडीच्या पायऱ्या चढता तेव्हा दम लागतो; पण घसरताना कुणी ढकलावं लागतं का? नाही ना! चढताना खर्च केलेली ताकद उंचीवर जणू साठून राहते आणि उतरताना वेग होऊन परत मिळते. चाळीस मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून, डबा खाली आला तर त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास पोचतो. इंजिनाशिवाय, बरं का!

आता तुम्ही म्हणाल, "बाई, लेखाचं नाव मुळशी, आणि सांगताय काय तर रोलर कोस्टर!" थोडा धीर धरा. दोन्हींचं नातं फार जवळचं आहे. आधी आपण मुळशीला तर जाऊ.

चला, पौड रस्त्यानं

पुण्याहून पश्चिमेला निघालं की चांदणी चौक लागतो. इथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री सुरुंग लावून पाडला, ते तुमच्यातल्या पुष्कळांनी टीव्हीवर पाहिलं असेल. तिथून पुढं भूगाव, भुकूम, पिरंगुट. इथवर कारखाने, दुकानं, इमारती असा शहराचाच थाट. मग येतं पौड. तालुक्याचं नाव मुळशी, पण तालुक्याचं मुख्य गाव मात्र पौड! सामान्यज्ञानाच्या परीक्षेत हा प्रश्न आला तर चुकू नका.

पौड सोडलं की रस्त्याचं रूप पालटतं. डोंगर जवळ येतात, हवा गार होते. मालेगाव म्हणू नका हं, गावाचं नाव नुसतं 'माले'. त्याच्या पुढं मुळशीचं धरण आणि मग उजव्या हाताला तो भला मोठा तलाव. रस्ता कितीतरी वेळ तलावाच्या काठाकाठानं जातो. पाणी मध्येच झाडांआड लपतं, पुन्हा वळणावर समोर येतं. पळसे गाव मागं टाकलं की पुढं ताम्हिणी घाट, आणि घाट उतरलात की तुम्ही रायगड जिल्ह्यात, म्हणजे कोकणात.

पावसाळ्यात या रस्त्यानं जावं आणि खिडकीशी कोण बसणार यावरून भांडण होऊ नये, असं कधी झालंय का? जूनमध्ये शेताच्या एका कोपऱ्यात भाताची रोपं हिरवीगार उगवलेली असतात. जुलैत चिखलणी होते, मग लावणी. माणसं ओळीनं वाकून रोपं लावतात. डोक्यावर कुणाचं इरलं, कुणाचं प्लॅस्टिकचं खोळपं. इथला आंबेमोहोर तांदूळ पूर्वीपासून नावाजलेला. शिजायला लागला की आंब्याच्या मोहोरासारखा वास सुटतो, म्हणून त्याचं नाव आंबेमोहोर. एकदा आईला करायला सांगा. शेजारच्या काकू "आज काय बेत?" म्हणून विचारत येतात की नाही ते बघा!

घाटातल्या जंगलात शेकरू आहे. ही आपल्या राज्याचा मानाचा प्राणी असलेली मोठी खार. तांबूस अंग, झुबकेदार शेपूट. ती जमिनीवर फारशी उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर लांब उड्या मारते. तिचा पाळणा फुकटचा आणि बारा महिने चालू!

पाळण्यांची गोष्ट

पाळण्याचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या आईबाबांना विचारा, "तुम्ही लहानपणी कुठं जात होता?" पुण्याचे असतील तर पेशवे पार्कातली 'फुलराणी' सांगतील. ती छोटी आगगाडी १९५६ साली सुरू झाली. तुमच्या आजीआजोबांनीही तिच्यात बसून हात हलवले असतील. मुंबईचे असतील तर गोराईचं एस्सेलवर्ल्ड सांगतील. ते १९८९ मध्ये सुरू झालं. बोटीतून खाडी ओलांडून तिथं जायचं, हीच अर्धी मजा! आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं.

रोलर कोस्टरचं मूळ मात्र बर्फात आहे. दोन-तीनशे वर्षांपूर्वी रशियात थंडीच्या दिवसांत लाकडी सांगाड्यांवर बर्फाचे उंच उतार करत आणि त्यावरून लोक घसरत येत. १८८४ साली अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड इथं रुळांवरून चालणारी घसरगाडी सुरू झाली. तिचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास होता. आपला सायकलवाला पेपरवाला तिला सहज मागं टाकेल! पण तेव्हा लोक तिच्यासाठी रांगा लावत होते.

शेवटच्या रात्रीचा पाऊस

मागच्या वर्षी जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात, मी आईला घेऊन घाटाखालच्या एका मोठ्या मनोरंजन उद्यानात गेले. हो, बरोबर वाचलंत. मी आईला घेऊन गेले! आईचं वय बासष्ट. आमचं गाव मुळशीच्या तलावाच्या वरच्या अंगाला. आईनं जन्मभर भातशेती केली, गुरं राखली. पाळण्यात बसली ती फक्त जत्रेत, तीही लग्नाआधी.

दोन दिवसांचा मुक्काम होता. पहिला दिवस आई नुसती बघत राहिली. पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसायची आणि रोलर कोस्टरचे डबे खाली आले की "अरे देवा!" म्हणायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मनाचा हिय्या केला. पदर खोचला आणि म्हणाली, "चल, आता एकदा बसतेच. उद्या घरी गेल्यावर पुन्हा कोण येतंय?" तिथल्या माणसानं नियम सांगितले, वय विचारलं, तब्येतीचं विचारलं. मग आईसाठी मुलांचा छोटा रोलर कोस्टर ठरला.

आम्ही रांगेत उभ्या राहिलो आणि आकाश काळं झालं. लांब डोंगरावर वीज चमकली. मी मनातल्या मनात आकडे मोजले : एक, दोन, तीन... नवावर गडगडाट ऐकू आला. मित्रांनो, ही युक्ती तुम्हीही शिकून घ्या. वीज दिसते लगेच, पण आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणून चमक आणि आवाज यांच्यातले सेकंद मोजायचे आणि तीननं भागायचं. नऊ भागिले तीन, म्हणजे वीज तीनच किलोमीटरवर होती! तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर उघड्यावर थांबायचं नाही, पक्क्या घरात जायचं, हा जगभरचा नियम आहे.

दोनच मिनिटांत भोंग्यावरून सांगितलं, "सर्व उंच पाळणे थांबवण्यात येत आहेत." माझ्यामागं एक मुलगा रडायलाच लागला. त्याचे बाबा चिडले, "पैसे भरलेत आम्ही!" पण थांबवणाऱ्यांचं बरोबरच होतं. रोलर कोस्टर म्हणजे माळावर उभा केलेला लोखंडाचा डोंगर. अशा उंच गोष्टीवर वीज पडण्याचा धोका जास्त. शिवाय ओल्या रुळांवर ब्रेक नीट धरतील याची खात्री नको का? मजा उद्याही करता येते.

मग असा पाऊस कोसळला म्हणता! आम्ही पन्नाससाठ जण एका मोठ्या छपराखाली गोळा झालो. बाहेर रंगीत दिवे पाण्यात विरघळल्यासारखे दिसत होते. कुणीतरी मक्याची कणसं आणली, कुणी गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या. आईनं मला विचारलं, "काय गं, एवढे डबे पळतात, मग त्याला डिझेल किती लागत असेल?"

मी बाईंच्या थाटात सगळं समजावलं. साखळी वर नेते, उंची ताकद साठवते, उतारावर वेग मिळतो, वगैरे. आईनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी आपल्या मुळशीच्या पाण्यासारखंच की! ते बी वरनं खाली सोडत्यात, अन् त्याची वीज करत्यात."

मी बघतच राहिले. शिकवायला मी निघाले होते आणि धडा आईनं दिला!

पाणी कुठं जातं?

आता आईचं म्हणणं नीट समजून घेऊ. नकाशा काढा आणि सह्याद्रीवर बोट ठेवा.

मुळशीचं धरण मुळा नदीवर आहे. मुळा पूर्वेला वाहते. पुण्यात तिला मुठा भेटते, मग मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. म्हणजे मुळशीत पडलेल्या थेंबाचा नैसर्गिक रस्ता केवढा लांब! सगळं दख्खनचं पठार ओलांडून, आंध्र प्रदेशातून समुद्राला.

पण तलावातलं पुष्कळसं पाणी या रस्त्यानं जातच नाही. ते उलटं, पश्चिमेला वळवलं आहे. सह्याद्रीच्या कड्याखाली रायगड जिल्ह्यात भिरा नावाचं गाव आहे. तलावातून बोगद्यानं आणि मोठमोठ्या नळांमधून पाणी तिथं खाली उतरतं, सुमारे ५०० मीटर! रोलर कोस्टरची चाळीस मीटरची उडी कुठं आणि ही उडी कुठं! भिऱ्याला पाणी बारीक तोंडातून बाहेर पडतं तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर असतो. ते धारदार पाणी पेल्टन नावाच्या चाकावर आदळतं. या चाकाला कडेनं वाट्या बसवलेल्या असतात. चाक गरगर फिरतं, त्याला जोडलेलं जनित्र फिरतं आणि वीज तयार होते. हे वीजघर टाटा कंपनीनं १९२७ साली सुरू केलं. मुंबईच्या गिरण्या, घरं आणि लोकलगाड्या यांना टाटांच्या घाटातल्या वीजघरांनी वीज पुरवली.

आणि काम झाल्यावर पाणी कुठं जातं? भिऱ्याहून ते कुंडलिका नदीत सोडतात. कोलाडला रबरी होड्यांतून खळाळत्या पाण्यात जाण्याचा खेळ चालतो ना, तो याच पाण्यावर. सकाळी वीज करून पाणी सुटलं की नदीला जोर येतो आणि होड्या निघतात. म्हणजे वर तलाव, मध्ये घसरगुंडी, खाली होड्या. एवढं मोठं पाण्याचं उद्यान आपल्या शेजारी आहे! कुंडलिका पुढं रोह्यावरून रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. बंगालच्या उपसागराला निघालेला थेंब पोचला कुठं, तर अरबी समुद्रात!

पाण्याखालची शेतं

पण त्या रात्री छपराखाली आई एवढ्यावर थांबली नाही. ती म्हणाली, "तुझ्या पणज्याचं शेत त्याच पाण्याखाली आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं, पण इतकं सविस्तर कधी ऐकलं नव्हतं. आईचे आजोबा १९२१ साली नऊ वर्षांचे होते, म्हणजे आज चौथीत असतात. एके दिवशी त्यांच्या शेतात परकी माणसं आली आणि न विचारता चर खणायला लागली. धरणाची पाहणी होती ती. घरातल्या मोठ्या माणसांना तेव्हा कळलं, की इथं तलाव होणार आणि सगळी दरी बुडणार.

दरीतल्या मावळ्यांनी ठरवलं, जमीन सोडायची नाही. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. शेकडो शेतकरी, बायकामुलं धरणाच्या जागी जाऊन बसली. हातात शस्त्र नाही. नुसतं बसायचं आणि काम करू द्यायचं नाही. हाच मुळशीचा सत्याग्रह. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. काम काही काळ थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा लोक बसले. बायकाही तुरुंगात गेल्या. या लढ्यात पुढं आले ते पारनेरचे पांडुरंग महादेव बापट. याच सत्याग्रहामुळं लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले. पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे ना, ते हेच बापट. त्यांना अनेकदा अटक झाली. शेवटची शिक्षा तर सात वर्षांची होती.

लढा १९२४ पर्यंत चालला आणि लोक हरले. पन्नासच्या आसपास गावांना धरणाची झळ पोचली. धरणाविरुद्ध झालेला हा जगातला पहिला लढा होता, असं अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी त्यावरच्या आपल्या पुस्तकात म्हटलं आहे. तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात मोठमोठ्या लढाया असतात. ही आपल्या शेजारच्या शेतकऱ्यांची लढाई. तिचीही तारीख पाठ करायला हरकत नाही.

आई म्हणाली, "आजोबा घरनं भाकरी बांधून नेत. बसलेल्या माणसांना पोचवत. एवढंच काम होतं पोरांना. पण ते म्हातारपणी सांगायचे, 'मी बी सत्याग्रहात होतो.'"

मग जायची वेळ आली. घराची लाकडं सोडवून बैलगाडीत घातली, भांडी घेतली, जातं घेतलं. आंब्याचं झाड मात्र गाडीत घालता येईना! वर डोंगराच्या कुशीत नवं घर बांधलं. खाली काळी, भाताची जमीन होती; वर मुरमाड. तिथं भाताऐवजी नाचणी-वरी पेरू लागले. ते जातं अजून आमच्या पडवीत आहे. मी लहानपणी त्यावर बसून अभ्यास करत असे. त्याला इतका इतिहास आहे हे त्या पावसात कळलं.

मी विचारलं, "आई, मग घरात वीज तरी लवकर आली असेल ना?"

आई हसली. "माझ्या लहानपणी रॉकेलची चिमणी होती गं. अंगणातनं धरणाकडचे दिवे दिसायचे. आम्ही ते मोजायचो अन् झोपायचो."

मित्रांनो, इथं थोडं थांबून विचार करा. वीज वाईट का? मुळीच नाही. विजेवाचून दवाखाने, शाळा, कारखाने कसे चालतील? हा लेखही विजेवर चालणाऱ्या यंत्रावरच छापला जातो. पण दिवा एकाच्या घरात लागावा आणि अंधार दुसऱ्याच्या वाट्याला यावा, हे बरोबर का? ज्यानं जमीन दिली त्याला आधी विचारायला हवं होतं की नाही? त्याला तशीच जमीन मिळायला हवी होती की नाही? आज धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी कायदे आहेत. ते आभाळातून पडले नाहीत. असे लढे झाले म्हणून झाले. तुमच्यातलं कुणी उद्या इंजिनिअर होईल, कुणी कलेक्टर. तेव्हा नकाशावर निळी रेघ ओढण्याआधी तिच्याखाली कुणाचं आंब्याचं झाड आहे, ते आधी बघा.

नऊ वाजत आले, तेव्हा विजा थांबल्या. पाऊसही रिमझिम झाला. मोठे पाळणे बंदच राहिले, पण छपराखालचं घोड्यांचं चक्र शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी सुरू केलं. मघाशी रडणारा मुलगा धावत जाऊन पांढऱ्या घोड्यावर बसला. त्याच्या शेजारच्या तपकिरी घोड्यावर कोण बसलं असेल? सांगा पाहू! आमची आई! त्या मुलानं विचारलं, "आजी, भीती नाही वाटत?" आई म्हणाली, "अरे, आम्ही म्हशीवर बसून तळं ओलांडलंय. हा तर गरीब घोडा!"

केवढा हा पाऊस!

पुन्हा मुळशीकडं वळू. इथं एवढा तलाव भरतो कशानं? अर्थात पावसानं. अरबी समुद्रावरून बाष्पानं भरलेले वारे येतात. सह्याद्रीची भिंत आडवी आली की त्यांना वर चढावं लागतं. वर हवा गार. बाष्पाचं पाणी होतं आणि घाटमाथ्यावर धो धो कोसळतं. डोंगर ओलांडून पुण्याकडं येईपर्यंत ढग बरेच रिकामे झालेले असतात. म्हणून ताम्हिणीत छत्री मोडते, पौडात छत्री लागते आणि पुण्यात कधीकधी छत्री नुसती हातात राहते.

२५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५०० मिलिमीटरहून जास्त पावसाची नोंद झाली. पुण्याला साऱ्या वर्षात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस मिळतो. ताम्हिणीनं त्यातला दोन तृतीयांश एका दिवसात उरकला!

आता ५०० मिलिमीटर म्हणजे किती? हे गणित सोपं आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी होतं. तेव्हा ५०० मिलिमीटर म्हणजे तेवढ्याशा जागेवर ५०० लिटर. दहा फूट बाय दहा फूट खोलीच्या गच्चीवर साडेचार हजार लिटरहून जास्त, म्हणजे पाण्याचा जवळजवळ अर्धा टँकर. एका खोलीवर इतकं, तर सगळ्या डोंगरावर किती?

जाताना हे लक्षात ठेवा

आता हे जरा गंभीर होऊन वाचा. आईबाबांनाही वाचून दाखवा.

पाऊस डोंगरावर पडतो आणि पाणी खाली येतं, म्हणजे तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी ओढ्याला अचानक लोंढा येऊ शकतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागं धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच जणं वाहून गेली. त्यांत लहान मुलं होती. काही मिनिटांपूर्वी ती माणसं हसत-खेळत पाण्यात उभी होती.

म्हणून धबधबा लांबून बघायचा. ओढ्याच्या मधल्या खडकावर जायचं नाही. स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत आल्या, आवाज वाढला, की क्षणभरही न थांबता वर, काठाकडं निघायचं. चप्पल वाहून गेली तर जाऊ द्या. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, चालायचंही नाही. तलावात पोहायचं नाही; वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ असतो. अंधारबन, प्लस व्हॅली, देवकुंड ही ठिकाणं पावसाळ्यात पुष्कळदा बंद ठेवतात. बंद म्हणजे बंद! "एक फोटो काढून येतो" असं म्हणणाऱ्या दादालाही थांबवा. रोलर कोस्टर थांबवायला भोंगा असतो. डोंगरात भोंगा वाजवणारं कुणी नसतं. तो आपला आपणच वाजवायचा.

आणि हो, वेफर्सच्या पिशव्या आणि बाटल्या परत घरी आणायच्या. त्या शेतात आंबेमोहोर पिकतो, प्लॅस्टिक नाही.

घरी करून पाहा

तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीची एक काचेची बरणी घ्या. उघड्या जागी, झाडापासून आणि छपरापासून दूर, विटांमध्ये नीट बसवून ठेवा. रोज सकाळी साडेआठला बाहेरून पट्टी लावून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत लिहा आणि बरणी रिकामी करा. साडेआठच का? कारण हवामान खातंही दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतं. महिन्याच्या शेवटी बेरीज करा आणि आलेख काढा. माझ्या वर्गानं गेल्या जुलैत असाच आलेख भिंतीवर लावला. आता मुलं पाऊस आला की "बाई, किती मिलिमीटर?" म्हणून विचारतात.

दुसरं काम त्याहून सोपं. एखाद्या पावसाळी रात्री दिवे गेले की आजी-आजोबांजवळ किंवा आईबाबांजवळ जाऊन बसा आणि तीन प्रश्न विचारा. आपलं मूळ गाव कुठलं? ते सोडून आपण इथं का आलो? येताना कोणती वस्तू बरोबर आणली? ती वस्तू अजून घरात असेल तर तिला हात लावून बघा, तिचं चित्र काढा आणि खाली तारीख घाला.

कुणाच्या घरात तांब्याचा हंडा निघेल, कुणाच्या घरात पाटावरवंटा, कुणाच्या घरात नुसती एक किल्ली. जे निघेल ते वर्गात घेऊन या आणि बाईंना सांगा, की आज इतिहासाचा तास आम्ही घेणार!